‘फॉरमॅट मारा’ हा प्रत्येक व्हायरसवरचा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातला संगणक मंदावला, पडद्यावर नको त्या जाहिराती झळकू लागल्या किंवा पेनड्राइव्हमधल्या फाइल्स दिसेनाशा झाल्या, की नाशिकमधल्या बहुतेक घरांतून तो उचलून जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो आणि तिथे जुजबी पाहणीनंतर ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल, हा निकाल ऐकून मालक मान डोलावून घरी परततो. सिडको असो, पंचवटी असो की नाशिकरोड, उत्तर ठरलेले असते. एका शिक्षणसंस्थेतील संगणक प्रयोगशाळेची देखभाल करण्यात माझी सारी नोकरी सरली आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्यांचे संगणक पाहून देणे हा माझा रिकामपणाचा उद्योग झाला आहे. त्या अनुभवावरून माझे म्हणणे असे, की यांतल्या बऱ्याच संगणकांना फॉरमॅटची गरजच नसते; ज्यांना असते, त्यांचे फॉरमॅट आपल्याकडे ज्या रीतीने केले जाते त्या रीतीनेच पुढचा व्हायरस घरात येतो; आणि याला दुकानदाराइतकेच गिऱ्हाईकही जबाबदार आहे.

सर्वाधिक तक्रार असते ती पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उगवणाऱ्या इशाऱ्यांची. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’, ‘तुमच्या अँटिव्हायरसची मुदत आज संपत आहे’ असा मजकूर, त्यावर एखाद्या नामांकित कंपनीचे बोधचिन्ह आणि खाली बटण. हा चौकोन न घाबरता नीट पाहिला, तर त्यात बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ असे लिहिलेले आढळते आणि जवळच एखाद्या कधीही न ऐकलेल्या संकेतस्थळाचा पत्ता असतो. हा इशारा विंडोजने दिलेला नसतो आणि अँटिव्हायरसनेही दिलेला नसतो. दहावी-बारावीचा निकाल शोधताना, क्रिकेटचा सामना फुकट दाखवणारी लिंक धुंडाळताना किंवा एखादे पुस्तक पीडीएफ स्वरूपात उतरवून घेताना ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगणारे पान समोर येते, घरातले कोणीतरी ते दाबते आणि त्या संकेतस्थळाला आपल्या पडद्यावर वाटेल तेव्हा सूचना पाठवण्याचा परवाना मिळतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडून यादीतली अनोळखी नावे काढून टाकली, की हा सारा तमाशा जागच्या जागी थांबतो. लगोलग ‘एक्स्टेन्शन्स’चे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पुरवण्यांचे, पानही उघडावे आणि आपण स्वतः न बसवलेले जे काही तिथे दिसेल ते काढावे. एवढ्या कामासाठी संपूर्ण संगणक पुसून काढणारे दुकानदार मी पाहिले आहेत आणि त्याचे पैसे आनंदाने देणारे गिऱ्हाईकही पाहिले आहेत.

याच जातीचा, पण अधिक धोकादायक प्रकार म्हणजे अचानक पूर्ण पडदा व्यापून मोठ्या आवाजात ‘संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा’ असे बजावणारे पान. तेही केवळ ब्राउझरचे पान असते. कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना आधीची पाने परत उघडण्याचा प्रस्ताव नाकारावा. त्या क्रमांकावर फोन केला तर पलीकडचा मनुष्य संगणकाचा ताबा दुरून घेण्याचे सॉफ्टवेअर बसवायला सांगतो आणि खरे संकट तिथे सुरू होते. कोणी तसा ताबा दिला असेल व पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याच घटकेला तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते.

पेनड्राइव्हचे दुखणे मात्र आपल्या शहरात खऱ्या अर्थाने साथीचे आहे. महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत एकाच संगणकाला दिवसभर कितीतरी पेनड्राइव्ह लागतात. त्यातला एक बाधित असला तर तो संगणक बाधित होतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला प्रसाद मिळतो. घरी येऊन पेनड्राइव्ह उघडला, की प्रकल्पाच्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचा, पण कोपऱ्यात छोटा बाण असलेला आणि जेमतेम एक-दोन केबी आकाराचा शॉर्टकट दिसतो. विद्यार्थी त्यावर दोनदा क्लिक करतो, फोल्डर उघडतेही, म्हणून त्याला संशय येत नाही; परंतु त्या शॉर्टकटने फोल्डर उघडण्याआधी आपली स्क्रिप्ट, म्हणजे दडवलेल्या आज्ञांची फाइल, चालवून घरचा संगणक बाधित केलेला असतो. मूळ फाइल्स नष्ट झालेल्या नसतात. त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन्ही खुणा लावून दडवलेले असते, म्हणूनच फोल्डरच्या ‘व्ह्यू’मधील ‘हिडन आयटम्स’वर खूण करूनही त्या दिसत नाहीत. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ या ओळीसमोरची खूणही काढावी लागते. मग त्या दिसतात, कधीकधी नावच नसलेल्या एखाद्या फोल्डरमध्ये कोंबलेल्या. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी संगणक स्वच्छ करावा, मग पेनड्राइव्ह लावून आपल्या ओळखीच्या फाइल्स तेवढ्या काढून घ्याव्यात आणि त्यानंतरच पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. उलट क्रमाने केल्यास स्वच्छ केलेला पेनड्राइव्ह बाधित संगणकाला लागताच पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि ‘व्हायरस जातच नाही’ अशी समजूत पक्की होते.

आता संगणक स्वच्छ करण्याविषयी. विंडोज १० व ११ यांमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस अंगभूत व विनामूल्य असतो, ही गोष्ट अजूनही अनेकांच्या गावी नाही. संशय आला की प्रथम वाय-फाय बंद करावे किंवा नेटची वायर काढावी, म्हणजे घातक सॉफ्टवेअरला माहिती बाहेर पाठवता येत नाही. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जाताच लगेच स्कॅन सुरू करू नये, आधी तिथल्या सेटिंग्जमधील ‘एक्सक्लूजन्स’ ही यादी पाहावी. या यादीत लिहिलेले फोल्डर डिफेंडर तपासत नाही. सामान्य माणसाच्या संगणकात ती रिकामी असायला हवी, पण मी पाहिलेल्या कित्येक संगणकांत तिथे अख्खा सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज ज्यात बसवलेले असते तो डिस्कचा मुख्य कप्पा, लिहिलेला होता. म्हणजे पहारेकरी दारात होता, पण घराकडे पाहायचे नाही अशी त्याला सक्त ताकीद होती. ही नोंद काढावी, आणि डिफेंडर बंद केलेला असल्यास तो सुरू करावा. त्यानंतर पुन्हा नेट जोडून फक्त डिफेंडरची ताजी माहिती उतरवून घ्यावी आणि ‘फुल स्कॅन’ करावे. त्याला काही तास लागू शकतात. शेवटी ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावे. यात संगणक आपणहून पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे विंडोज सुरू असताना स्वतःला लपवणारे सॉफ्टवेअरही सापडू शकते. यासाठी साधारण पंधरा मिनिटे पुरतात. दुसरे मत हवे असल्यास मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्सची विनामूल्य आवृत्ती कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावी. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून दहाच दिवस चालतो, त्यामुळे दर वेळी नवा घ्यावा लागतो. मात्र सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवण्याचा मोह टाळावा. ते एकमेकांच्या पायांत येतात.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले असून सर्ट-इन ही सायबर सुरक्षेचे काम पाहणारी सरकारी संस्था ते चालवते. बाधित संगणक साफ करण्याची विनामूल्य साधने तिथे नागरिकांसाठी उपलब्ध करून देण्यात आली आणि त्यांत आपल्या पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचाही सहभाग राहिला आहे. इतक्या वर्षांनंतरही मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांपैकी फारच थोड्यांनी या केंद्राचे नाव ऐकले होते. स्वच्छतेच्या मोहिमांचे फलक चौकाचौकांत लागत असताना ही एक स्वच्छता कोणत्याच फलकावर कशी आली नाही, याचे मला नवल वाटते.

वर सांगितलेला सी ड्राइव्ह ‘एक्सक्लूजन्स’मध्ये जातो कसा, हा माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा आहे. फॉरमॅट केल्यानंतर दुकानदार आपल्या खिशातल्या पेनड्राइव्हवरून जे विंडोज टाकतो, ते पुष्कळदा चोरीचे असते. ते ‘ॲक्टिव्हेट’ करण्यासाठी, म्हणजे परवाना असल्याचे भासवण्यासाठी, वापरली जाणारी छोटी सॉफ्टवेअर (‘ॲक्टिव्हेटर’) डिफेंडर लगेच पकडतो. म्हणून आधी डिफेंडर बंद केला जातो किंवा त्याला त्या जागेकडे पाहण्यास मनाई केली जाते. काम झाल्यावर ती मनाई तशीच राहते. ते ॲक्टिव्हेटर मूळचे कोठले, त्यात आणखी काय दडले आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. त्याने ते दुसऱ्याकडून घेतलेले असते आणि त्या दुसऱ्याने कुठून तरी उतरवलेले असते. गिऱ्हाईक मात्र निघता निघता म्हणते, ‘ऑफिस पण टाकून द्या, आणि फोटोचं ते सॉफ्टवेअर पण.’ म्हणजे व्हायरस काढण्यासाठी आणलेला संगणक, व्हायरस येण्याच्या सर्वांत रुळलेल्या तीन वाटा मोकळ्या करून, घरी परततो.

यात हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे ही चोरी बहुधा अनावश्यक असते. विंडोज ८ नंतरच्या काळात विंडोजसह विकल्या गेलेल्या लॅपटॉपमध्ये परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरच, साठवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घेऊन आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मूळ विंडोज उतरवावे आणि लॅपटॉपसोबत आली होती तीच आवृत्ती बसवावी, म्हणजे नेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. एक रुपयाही लागत नाही. आपल्याकडच्या घरगुती लॅपटॉपमध्ये ती आवृत्ती बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. दुकानदार त्याजागी सरसकट ‘प्रो’ टाकतो, तिच्याशी ती किल्ली जुळत नाही आणि मग ॲक्टिव्हेटर आणावा लागतो. विहिरीला पाणी असताना टँकर मागवावा, आणि तोही गढूळ पाण्याचा, असा हा व्यवहार आहे. मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचीही तीच कथा. २०१९ मधील विंडोज १० च्या सुधारणेपासून मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कीबोर्ड तर त्याच्याही आधीपासून आहे. तरी केवळ मराठी लिहिण्यासाठी ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, पॅकेजेस शोधणारे शिक्षक आणि गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव मला नेहमी भेटतात.

फॉरमॅटमध्ये जाणाऱ्या माहितीबद्दलही लिहिणे भाग आहे. दुकानदार विचारतो, ‘सी मध्ये काही आहे का?’ मालक म्हणतो, ‘नाही, माझं सगळं समोर स्क्रीनवरच असतं.’ दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. पण समोर दिसणारा तो डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डाउनलोड्स’ही तिथेच असतात आणि टॅलीचे हिशेबही पुष्कळदा तिथेच असतात. माझ्या परिचयातील एका द्राक्ष बागायतदारांची औषध-फवारणीची आणि विक्रीची अनेक हंगामांची नोंद अशा एका प्रश्नोत्तरात गेली. दुकानदाराने ती मुद्दाम घालवली असे ते स्वतःही म्हणत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ अन्वये संगणकाच्या मालकाच्या परवानगीविना त्यातील माहिती नष्ट करणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. पण इथे तर परवानगी तोंडी का होईना दिलेली होती, आणि नेमकी कशाची दिलेली होती याचा कागद नव्हता.

शिवाय केवळ सी ड्राइव्ह पुसून व्हायरस जाईलच असेही नाही. सॅलिटी, व्हायरट, रॅमनिट यांसारखे जुने, पण चिवट व्हायरस संगणकातील सर्व ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमच्या फाइल्समध्ये शिरतात. सी नवा कोरा केला, पण डी मध्ये जपून ठेवलेल्या ‘सेटअप’ फाइल्सपैकी एक पुन्हा चालवली, की संगणक जिथून निघाला तिथे परत येतो.

सर्वच वेळी फॉरमॅट चूक असते, असे मात्र मी म्हणत नाही. अनोळखी व्यक्तीने संगणकाचा ताबा घेतला असेल, स्कॅननंतरही तीच बाधा पुन्हा दिसत असेल, किंवा पासवर्ड चोरणारे सॉफ्टवेअर सापडले असेल, तर मूळ विंडोजने सारे काही नव्याने बसवणे हेच शहाणपणाचे. या शेवटच्या प्रकाराकडे आपले सर्वांत कमी लक्ष आहे. मार्च ते मे २०२५ या दोन महिन्यांत ‘लुमा’ नावाच्या एकाच माहितीचोर सॉफ्टवेअरने बाधित झालेले ३ लाख ९४ हजारांहून अधिक संगणक जगभरात आढळल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. असे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतेच, शिवाय आपण ‘लॉग-इन’ केलेले आहे याची खूण असलेल्या कुकीजही नेते. त्यामुळे चोराला पासवर्ड वा ओटीपीची गरजही कित्येकदा उरत नाही. संगणक साफ केल्याने चोरीला गेलेले परत येत नाही. म्हणून स्वच्छ असलेल्या दुसऱ्या उपकरणावरून आधी ई-मेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा, तसेच गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागात जाऊन इतर सर्व उपकरणांवरून खाते ‘साइन-आउट’ करावे. अलीकडे या चोरांनी एक नवी युक्ती काढली आहे: ‘तुम्ही माणूस आहात हे पडताळण्यासाठी विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल व व्ही दाबा आणि एंटर करा’ असे पान सांगते, आणि आपण स्वतःच्या हाताने त्यांची आज्ञा संगणकाला देतो. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ असे कधीही सांगत नाही.

फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरची गोष्ट वेगळी. तिथे घाईने फॉरमॅट करणे हीच घोडचूक ठरते. घरगुती वापरकर्त्यांना पछाडणारे ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाचे रॅन्समवेअर प्रामुख्याने क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधूनच पसरत आले आहे आणि त्याच्या काही प्रकारांची कुलपे उघडण्याचे विनामूल्य साधन २०१९ पासून उपलब्ध आहे. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अशी अनेक साधने एकत्र मिळतात. सगळ्यांच्या नशिबी किल्ली असतेच असे नाही, पण कुलूपबंद फाइल्सची प्रत जपून ठेवली तर किल्ली पुढेमागे सापडली असता ती उपयोगी पडते. पुसलेल्या डिस्कला किल्लीचा काय उपयोग?

दुरुस्ती करणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. नेमके काय झाले आहे ते शोधून काढायला अर्धा दिवस लागतो, फॉरमॅटला तासाभरात हातावेगळे करता येते आणि गिऱ्हाईक मोजणार तेवढेच काहीशे रुपये. ‘फक्त नोटिफिकेशन बंद केलं, त्याचे कसले पैसे?’ असे म्हणणारे आपणच आहोत. सरळ वाटेने जाणाऱ्या तंत्रज्ञाला आपण त्याच्या ज्ञानाचा मोबदला देत नाही, तोवर एम. जी. रोडपासून गल्लीबोळापर्यंत सगळे फॉरमॅटच मारत राहणार.

यासंदर्भात आपल्या दैनिकामार्फत काही मागण्या कराव्याशा वाटतात. शहरातील संगणक दुरुस्ती व्यावसायिकांनी आपसांत ठरवून एक छापील पावती सुरू करावी, जिच्यात तक्रार काय होती, तपासणीत काय आढळले, कोणत्या फोल्डरची प्रत काढून दिली, टाकलेले विंडोज परवान्याचे आहे की नाही आणि फॉरमॅटला मालकाची संमती आहे का, एवढे लिहिलेले असेल. त्यात त्यांचेही रक्षण आहे. सातपूरची आयटीआय व शासकीय तंत्रनिकेतन यांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी महिन्यातून एखाद्या शनिवारी नागरिकांसाठी संगणक तपासणी शिबिर भरवावे. मुलांना प्रत्यक्ष काम मिळेल आणि ज्येष्ठांना घाबरवून पैसे उकळणाऱ्यांचा धंदा थोडा बसेल. महानगरपालिकेने आपल्या नागरी सुविधा केंद्रांत, तसेच सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी आपल्या दर्शनी भागात, सायबर स्वच्छता केंद्राची व १९३० या क्रमांकाची माहिती मराठीत लावावी. मे महिन्यात गोदाघाटावर होणाऱ्या वसंत व्याख्यानमालेत या विषयाला एक संध्याकाळ मिळाली तर श्रोत्यांची कमतरता पडणार नाही, अशी माझी खात्री आहे.

हे सारे यंदाच व्हावे अशी निकड आहे. विंडोज १० ला मिळणारा नियमित सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या घरांतील अनेक जुने संगणक टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि प्रोसेसरच्या अटींमुळे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. अशा घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा-सुधारणांची सोय ठेवली असून, मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंग्जचा बॅकअप घेतल्यास ती पैसे न भरताही मिळू शकते. सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’च्या पानावर तिची नोंदणी करता येते. चोरीच्या ॲक्टिव्हेटरवर चालणाऱ्या आणि अपडेट मुद्दाम बंद करून ठेवलेल्या संगणकांना मात्र या सोयीचा लाभ होणे नाही, आणि असे संगणक नेमके किती घरांत आहेत हे दुरुस्तीच्या दुकानांइतके कोणालाच ठाऊक नसेल. तेव्हा त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक विंडोज १० च्या मालकाला ही नोंदणी करून देण्याचे काम, रास्त शुल्क आकारून, आजपासूनच सुरू करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
इंदिरानगर, नाशिक